शेवटचे पंधरा सेंटिमीटर

मित्रहो, सुरुवात जरा वेगळी करू. सगळ्यांनी डोळे मिटा. मी या पूलच्या टेबलावर एकच पांढरा बॉल दोनदा मारणार आहे, एकदा मेपल लाकडाच्या शाफ्टने, म्हणजे क्यूच्या, आपल्या खेळायच्या काठीच्या, पुढच्या निमुळत्या भागाने, आणि एकदा कार्बन फायबरच्या. ऐका. हा पहिला, भरीव 'टक्'. आणि हा दुसरा, थोडा पोकळ, वरच्या पट्टीतला 'टिक्'. आता उघडा डोळे. कोणता कोणता होता हे सगळ्यांनी ओळखलं. बॉल मात्र दोन्ही वेळा एकाच जागी जाऊन थांबला. माझा सगळा विषय इथेच आहे. लाकूड की कार्बन हा वाद आपण बहुतेक वेळा कानाने आणि बोटांनी घालतो. बॉलला विचारलं तर त्याचं उत्तर निराळंच येतं.

बॉलला काय कळतं ते आधी पाहू. टिप, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं चामडं, आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते साधारण 1 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात तुमचं मनगट, खांदा, बटचं, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाचं, वजन यातलं काहीही नव्याने ढवळाढवळ करू शकत नाही. मंदगती व्हिडिओत हे छान दिसतं. शाफ्ट लवतो, थरथरतो, पण त्यातली बरीचशी थरथर बॉल निघून गेल्यावरची असते. आपल्या हाताला 'फील' म्हणून जे जाणवतं, तो बॉल गेल्यानंतर आलेला निरोप असतो.

बॉल मधोमध मारला तर शाफ्ट कशाचाही असो, बॉल सरळच जातो. भानगड सुरू होते ती साइड स्पिन द्यायला गेलं की. समजा मी बॉलच्या उजव्या अंगाला मारलं. टिप टेकताक्षणी बॉल फिरायला लागतो आणि फिरता फिरता टिपला उजवीकडे ओढतो. शाफ्टचं टोक उजवीकडे ढकललं गेलं, म्हणजे बॉल स्वतः थोडा डावीकडे सरकणार. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे जाते ना, तसंच. यालाच आपण डिफ्लेक्शन म्हणतो, जुने खेळाडू स्क्वर्ट म्हणतात. काही जण म्हणतात 'क्यू खोटं बोलतो'. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण क्यूची दिशा एक असते आणि बॉल जातो दुसरीकडे.

किती दुसरीकडे? फक्त 2 अंशांचा फरक धरा. 2 मीटर लांबच्या बॉलपर्यंत पोचता पोचता तो 7 सेंटिमीटर होतो. पूल बॉलचा व्यासच मुळी 57 मिलिमीटर आहे. म्हणजे बॉल अख्खा चुकला!

आता त्या नावेकडे परत चला. मागे किती जायचं हे नावेनं कशावरून ठरवलं? उडी मारणाऱ्याच्या वजनावरून. इथे वजन शाफ्टचं, पण सगळ्या शाफ्टचं नाही. त्या एका मिलिसेकंदात टोकाचा आडवा धक्का शाफ्टमधून मागे जेमतेम 15-20 सेंटिमीटर पोचतो. बाकीच्या क्यूला अजून बातमीच नसते. तेव्हा बॉलच्या दृष्टीने क्यू म्हणजे फक्त टिप, फेरूल (टिप जिच्यावर बसते ती छोटी कडी) आणि त्यामागची वीतभर नळी किंवा काठी. तेवढा भाग हलका असेल तर डिफ्लेक्शन कमी आणि जड असेल तर जास्त. लाकूड, कार्बन, महाग, स्वस्त यातलं काहीही बॉलला दिसत नाही.

हे मला वाचून पटलं नव्हतं, म्हणून मी शिशाची चिकटपट्टी आणली. कार्बनचा शाफ्ट घेतला, पांढरा बॉल एका टोकाला ठेवला, दुसऱ्या टोकाच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, कागदाची पट्टी लावली. आधी बॉलच्या मधून नेम धरायचा, मग क्यू तसाच समांतर उजवीकडे सरकवायचा, टिपच्या रुंदीइतका, आणि जोरात सपाट मारायचं. बॉल कुशनला जिथे लागेल तिथे पेन्सिलीची खूण. असे दहा शॉट. मग फेरूलच्या अगदी मागे शिशाचे दोन-तीन वेढे आणि पुन्हा दहा शॉट. सगळ्या खुणा डावीकडे सरकल्या. माझा महागडा कार्बन साध्या मेपलसारखा वागायला लागला! मग तेच शिसं काढून हातभर मागे गुंडाळलं. खुणा परत पहिल्या जागी. त्या दिवसानंतर मी या वादात पडणं सोडलं. म्हणजे सोडलं होतं, आज तुम्ही बोलावलंत.

इतिहासात थोडं डोकावू, फार नाही. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याचं श्रेय फ्रान्सच्या मॅंगो नावाच्या कॅप्टनला देतात, गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यामुळे बॉलला हवा तसा स्पिन देता यायला लागला. 1835 मध्ये कोरिओलिसने, तोच, वाऱ्यांच्या वळणाचा कोरिओलिस, बिलियर्डचं गणित मांडलं. पण शाफ्टचं टोक मुद्दाम हलकं करायचं हे व्यापारी पातळीवर आलं ते 1990 च्या दशकात, आणि लक्षात घ्या, ते आलं लाकडातच. प्रिडेटर या कंपनीने मेपलच्या फाका गोलाकार चिकटवून शाफ्ट बनवला, पुढचा भाग आतून कोरला, फेरूल आखूड केलं. त्याच कंपनीचा कार्बनचा रेवो शाफ्ट आला 2016 मध्ये, आणि मग इतरांची रांग लागली. म्हणजे कमी डिफ्लेक्शन ही कार्बनची मक्तेदारी कधीच नव्हती. कार्बनने एवढंच केलं की पोकळ नळी इतकी ताठ राहू शकते, म्हणून टोक हलकं करणं सोपं झालं आणि दर नग सारखा निघायला लागला.

हे 'सारखा निघणं' फार मोठं आहे बरं का. लाकडाचे दोन शाफ्ट एकाच झाडाचे असले तरी जुळे नसतात. एकाचे रेषे सरळ, दुसऱ्याचे टोकाकडे तिरके सुटलेले. चांगला कारागीर लेथवर शाफ्ट एकदम कातत नाही. थोडा काततो, टांगून ठेवतो, लाकूड काय वाकायचं ते वाकून घेतं, मग पुन्हा थोडा. या फेऱ्यांत महिने जातात, कधी वर्षही. मधेच वाकला तर तो नग बाद. लाकूड मेलं तरी हवेतलं पाणी पिणं सोडत नाही, आणि कार्बनला ते व्यसनच नाही. उन्हात, दमट हवेत, गाडीच्या डिकीत, कुठेही ठेवा, तो सरळच राहतो. (टिपचा गोंद मात्र डिकीतल्या उन्हात सुटू शकतो, तेव्हा ठेवूच नका.)

माझा पहिला चांगला मेपल मी एका पावसाळ्यात भिंतीला तिरका टेकवून ठेवला आणि विसरलो. दोन महिन्यांनी टेबलावर लोळवून पाहिला. सरळ शाफ्ट लोळताना त्याच्याखालची उजेडाची फट स्थिर असते. माझ्या शाफ्टखाली ती फट उघडत होती, मिटत होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. दुसरा मेपल मी स्वतःच्या हाताने बिघडवला. हाताला चिकटतो म्हणून बारीक पॉलिश पेपर, आठवड्यातून दोनदा, मोठ्या प्रेमाने. 13 मिलिमीटरचा शाफ्ट वर्षभरात साडेबाराच्या खाली गेला, आणि मी मात्र माझा स्ट्रोक बिघडला म्हणून कोचच्या मागे लागलो होतो.

पण लाकूड दुरुस्त होतं, हेही सांगायला हवं. खोच पडली? त्यावर ओल्या कापडाचा थेंब द्या, रेषे फुगून वर येतात, मग काचेच्या ग्लासच्या गोल अंगाने घासा. चॉकचे निळे डाग पुसता येतात, फेरूल बदलता येतं, लेथ असलेला कुठलाही जाणकार टिप बसवून देतो. कार्बनला खोच सहसा पडतच नाही. स्पिरिटच्या फडक्याने पुसला की झालं. मात्र तडा गेला तर गेला, तिथे डॉक्टर नाही. आणि कृपा करून त्याला घरी पॉलिश पेपर लावू नका. त्याची भुकटी कातडीला टोचते, श्वासातून आत जायला नको. कापायचा असेल तर मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हवं.

आता जाहिरातींकडे येतो. 'जास्त स्पिन' म्हणतात. स्पिन ठरतो तो टिप मध्यापासून किती दूर लागली त्यावर. त्यालाही मर्यादा आहे. बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापलीकडे गेलात की टिप घसरते, मग शाफ्ट सोन्याचा का असेना. 'जास्त ताकद' म्हणतात. ताठ शाफ्टमध्ये शक्ती थोडी कमी वाया जाते हे खरं, पण टिप मऊ की कडक याचा फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. म्हणून तर ब्रेकच्या, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याच्या, क्यूला कडक टिप लावतात. हजारो रुपये खर्चण्याआधी टिप बदलून पाहा, एवढंच म्हणतो.

ज्या गोष्टीबद्दल जाहिरातीत कोणी बोलत नाही ती म्हणजे सवय. मी कार्बन घेतला तेव्हा पहिले सहा आठवडे लांबचा एक शॉट जाईना. जोराचे शॉट एका बाजूला चुकायचे आणि हळू शॉट भलत्याच बाजूला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'आता नेम सरळ धरा, भरपाई करायची गरज नाही.' अर्धं खरं होतं ते. कितीही हलकं टोक असलं तरी डिफ्लेक्शन शून्य होत नाही. शिवाय क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो, मागून थोडा उचललेला असतोच, कुशनवरून वर यावं लागतं ना. त्यामुळे उजवा स्पिन दिलेला बॉल आधी डावीकडे निघतो आणि मग वाटेत उजवीकडे वळतो. या वळण्याला स्वर्व्ह म्हणतात. जुन्या जड टोकाच्या मेपलवर ठरावीक वेगाला आणि ठरावीक अंतराला हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकायचे. मी वीस वर्षं ही फिटंफाट वापरत होतो आणि मला पत्ता नव्हता! कार्बन आल्यावर पहिली बाजू बारीक झाली, वळणं तेवढंच राहिलं. हळू शॉट चुकायचे ते म्हणून. दोष कार्बनचा नव्हता, पण माझ्या हाताने ज्याच्याशी जमवून घेतलं होतं तो गेला होता.

म्हणून नुकता शिकणारा कोणी विचारायला आला तर मी म्हणतो, कमी डिफ्लेक्शनचा घे, लाकडी की कार्बन ते खिशाने ठरव. तुझ्या हाताला अजून काही विसरायचं नाही. आणि ज्याचा हात पंचवीस वर्षं एकाच मेपलवर बसलाय, त्याला मी सांगतो की स्पर्धा तोंडावर असताना बदलू नकोस. दोघांनाही एक गोष्ट बजावतो, घेण्याआधी शाफ्ट आणि बट जोडणाऱ्या जॉइंटचा आटा जुळतो का पाहा. सुंदर शाफ्ट घरी आणून बटमध्ये बसत नाही, हे दुःख मी दोघातिघांचं पाहिलंय.

फीलबद्दल मी मघाशी जरा तोडून बोललो, ते सावरतो. तो निरोप उशिरा येतो, पण येतो ना? बॉल नीट लागला की तिरका, हे मेपल हाताला अधिक खुलासेवार सांगतो असं मला वाटतं. कार्बनवाले सहा महिन्यांत त्यांच्या 'टिक्'मधलं तेच वाचायला शिकतात. काही कंपन्या नळीत फोम भरून तो आवाज दाबतात. माझ्या मते आवाज दाबलेला कार्बन हा सगळ्यात बेचव प्रकार, पण हे माझं मत झालं, याला पेन्सिलीच्या खुणा नाहीत.

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, 'वाकलेला लाकडी शाफ्ट सरळ होतो का?' वाफ देतात, वजन टांगतात, उलटा वाकवून बांधून ठेवतात. होतो, आठ-पंधरा दिवस. मग हवा बदलली की त्याला आपलं जुनं वळण आठवतं. माझा तो भिंतीला टेकवलेला मेपल मी तीनदा सरळ केला. चौथ्यांदा नाद सोडला. अजून घरात आहे, फेरूलसकट. टेबलाखाली चॉक गडगडत गेला की त्याच्या त्या वळणाने बरोबर कोपऱ्यातून ओढून काढता येतो.