अंश दिसतो, छेद दिसत नाही

नमस्कार मंडळी. कॉलेजातली पोरं-पोरी ऐकत असतील तर वही-पेन जरा जवळ ओढा, कारण आजचा विषय आहे प्रॉबॅबिलिटी आणि थोडं स्टॅटिस्टिक्स, आणि रेडिओवर फळा नसतो, तेव्हा फळ्याचं काम तुमच्या वहीलाच करायचंय. फॉर्म्युले सांगणार नाहीये. ते पुस्तकात आहेत, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांचे पाठ होतात, आणि तरी पेपरात गणित चुकतंच. ते का चुकतं, एवढंच आज बोलू.

माझं म्हणणं असं की या विषयात पोरं अंशात फारशी चुकत नाहीत, छेदात चुकतात. वर काय लिहायचं ते बरोबर कळतं, 'आपल्याला हवं ते कितीदा घडतं' हे मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण खाली काय, म्हणजे एकूण कशातून मोजतोय, ते घाईघाईत ठरवून टाकलं जातं, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

साधं बघा. एक नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा तरी छापा येण्याची शक्यता किती? 1754 साली फ्रान्समध्ये द'अलांबेर नावाच्या गणितज्ञाने याचं उत्तर छापलं. हा कुणी ऐरागैरा नाही बरं का, मेकॅनिक्समध्ये आजही त्याच्या नावाचं तत्त्व शिकवतात. तर त्याचा विचार असा, की पहिल्याच वेळी छापा आला तर काम झालं, पुन्हा उडवायची गरजच नाही; पहिल्यांदा काटा आला तर दुसऱ्यांदा एकतर छापा येईल नाहीतर काटा येईल. झाल्या तीन शक्यता, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या, म्हणून उत्तर दोन तृतीयांश. ऐकायला किती सरळ वाटतं! पण खरं उत्तर तीन चतुर्थांश आहे. त्याच्या त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत ना. पहिल्या टॉसला छापा, ही एकटीच अर्धी जागा खाते, आणि उरलेल्या दोघी मिळून अर्धी. चार जोड्या लिहा वहीत, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. आता मोजा. चारातल्या तीन.

म्हणजे सॅम्पल स्पेस, होऊ शकणाऱ्या सगळ्या निकालांची यादी, लिहिली एवढ्यावर भागत नाही, तिच्यातल्या सगळ्या नोंदी समान शक्यतेच्या आहेत का हे बघावं लागतं, आणि 'अनुकूल भागिले एकूण' हा आपला लाडका फॉर्म्युला फक्त तेव्हाच चालतो. नाहीतर मग उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, दोनच शक्यता, म्हणून पन्नास टक्के, असं म्हणायला कोण अडवतंय.

याच्याहून झकास उदाहरण गॅलिलिओचं आहे. हो, दुर्बीणवालाच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यासमोर एक कोडं आलं. तीन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. नऊ बेरीज सहा प्रकारे होते, दहा बेरीजही सहाच प्रकारे होते. मग दोन्ही सारख्याच वेळा यायला हव्यात की नको? पण खेळणाऱ्यांचा बऱ्याच काळाचा अनुभव असा, की दहा जास्त वेळा येतं.

आता हे वहीत करूनच बघा, मी सावकाश सांगतो. नऊचे प्रकार: एक-दोन-सहा, एक-तीन-पाच, एक-चार-चार, दोन-दोन-पाच, दोन-तीन-चार आणि शेवटचा तीन-तीन-तीन. झाले सहा? आता तीन फासे तीन रंगांचे आहेत असं समजा, लाल, निळा, पांढरा. एक-दोन-सहा हे किती तऱ्हांनी पडेल? लालवर एक, निळ्यावर दोन, पांढऱ्यावर सहा, किंवा अदलाबदल करून, अशा सहा तऱ्हा. एक-चार-चार मात्र तीनच तऱ्हांनी, कारण 'एक' कुठल्या फाशावर आला एवढाच प्रश्न उरतो. आणि तीन-तीन-तीन? एकच तऱ्हा, बिचाऱ्याला अदलाबदलीला वावच नाही. तर नऊची बेरीज लावा: सहा, सहा, तीन, तीन, सहा, एक. 25 होतात.

दहाचे प्रकार तुम्हीच लिहा, एक-तीन-सहापासून सुरू करा. त्यात तिन्ही आकडे सारखे असलेला प्रकार निघतच नाही, कारण दहाला तीनने पूर्ण भाग जात नाही, आणि म्हणून बेरीज येते 27. एकूण तऱ्हा सहा गुणिले सहा गुणिले सहा, 216. म्हणजे 25 विरुद्ध 27, दोन भागिले 216 एवढासा फरक, एक टक्कासुद्धा नाही. मला यात गॅलिलिओपेक्षा त्या जुगाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं खरं तर, एवढा बारीक फरक नुसतं खेळून ध्यानात यायचा म्हणजे त्यांनी केवढे फासे टाकले असतील, विचार करा. फासे रंगीत नसले तरी हिशोब हाच राहतो, हेही लक्षात ठेवा. आपल्याला फासे वेगळे ओळखू येत नाहीत म्हणून निसर्ग त्यांना एक धरत नाही.

हे झालं छेद नीट लिहिण्याचं. आता छेद मध्येच बदलतो तेव्हाची गंमत, ज्याला पुस्तकात कंडिशनल प्रॉबॅबिलिटी म्हणतात, म्हणजे काहीतरी घडून गेलंय हे कळल्यावरची शक्यता, आणि जिथे निम्मा वर्ग मान खाली घालतो.

18 ऑगस्ट 1913. माँटे कार्लोचा कॅसिनो, म्हणजे जुगारघर. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी टाकून ती कुठल्या घरात थांबते यावर पैसे लावायचा खेळ; त्या चाकावर 37 घरं असतात, 18 लाल, 18 काळी, एक हिरवं शून्याचं. त्या रात्री एका टेबलावर गोळी काळ्यावर पडायला लागली ती पडतच राहिली, सलग 26 वेळा. आणि लोक काय करत होते, तर लालवर पैसे लावत होते, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, कारण आता लाल येणारच, किती वेळ काळं येणार! कॅसिनोने त्या रात्री बक्कळ कमावलं.

आता त्या लोकांच्या डोक्यात छेद कुठला होता ते बघा. सलग 26 काळी येणं हे भयंकर दुर्मिळ आहे, अगदी मान्य, पण तो खेळ सुरू व्हायच्या आधीचा हिशोब झाला. 25 काळी येऊन गेल्यावर तुम्ही उभे आहात ते त्या दुर्मिळ जागेतच उभे आहात. मागचं सगळं घडून गेलंय, छेदातून बाकीच्या शक्यता केव्हाच बाद झाल्यात, आता प्रश्न एकाच फेरीचा आहे आणि त्याचं उत्तर 37 पैकी 18, जसं पहिल्या फेरीला होतं तसंच. चाकाला आठवण नसते.

इथे हुशार पोरगं लगेच हात वर करतं, की सर, लॉ ऑफ लार्ज नंबर्सचं काय? याकोब बर्नुलीचा तो नियम, 1713 ला, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, तो सांगतो ना की बऱ्याच वेळा प्रयोग केला की प्रमाण खऱ्या शक्यतेजवळ जातं? मग भरपाई व्हायला नको? तर नाही, भरपाई होत नाही. यावर एका माणसाने चक्क नाणं उडवून दाखवलंय. जॉन केरिच नावाचा गणिताचा प्राध्यापक, दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये अडकला आणि जर्मनांच्या ताब्यातल्या त्या देशात त्याला छावणीत ठेवलं. वेळ जाता जात नसणार, त्याने 10,000 वेळा नाणं उडवलं आणि नोंद ठेवली. 1,000 टॉसनंतर छापे 502, म्हणजे निम्म्यापेक्षा दोन जास्त. 5,000 नंतर 2,533, म्हणजे 33 जास्त. आणि 10,000 नंतर 5,067, म्हणजे 67 जास्त.

ऐकलंत का नीट? दोन, मग 33, मग 67. फरक वाढत गेला! काट्याने मागचा हिशोब काही चुकता केला नाही. पण 67 भागिले 10,000 म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, किस झाड की पत्ती. खाली छेद इतका फुगला की वरचा फरक त्यात बुडून गेला. बर्नुलीचा नियम प्रमाणाबद्दल बोलतो, फरकाबद्दल नाही.

आता जरा अवघड वाटणारं पण सगळ्यात कामाचं. एक आजार समजा, 1,000 लोकांत दहाजणांना असतो. त्याची एक टेस्ट आहे. आजारी माणसाला ती शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर पकडते, आणि निरोगी माणसाला शंभरातल्या दहा वेळा उगाच आजारी ठरवते. आकडे मी हिशोबाला सोपे घेतलेत. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती? दहातले बहुतेकजण नव्वद टक्के म्हणून मोकळे होतात. थांबा आणि माणसं मोजा. दहा आजारी, त्यातले नऊ पॉझिटिव्ह. निरोगी 990, त्यातले 99 पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह 108, आणि त्यात खरे आजारी नऊ. बारातला एक! साडेआठ टक्केसुद्धा नाही.

नव्वद टक्के हा आकडा खोटा नव्हता, पण त्याचा छेद होता आजारी माणसं. तुम्हाला हवा होता पॉझिटिव्ह आलेल्यांचा छेद. बेज थिअरम म्हणून जो भलामोठा फॉर्म्युला येतो ना पुस्तकात, त्यात याच्यापलीकडे काहीही नाही, आणि माझा सल्ला विचाराल तर पेपरात आधी कोपऱ्यात 1,000 माणसांची अशी वाटणी करून घ्या, मग फॉर्म्युला लिहा, उत्तर जुळलं तर पुढे जा.

स्टॅटिस्टिक्सकडे वळलं की हाच छेद सॅम्पलच्या, म्हणजे सगळ्यांतून निवडून घेतलेल्या थोड्या लोकांच्या, रूपात उभा राहतो. 1936 ची अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांच्या वर उत्तरं परत आली, आणि त्यांनी सांगितलं की दोन उमेदवारांपैकी लँडन आरामात जिंकणार, रूझवेल्ट पडणार. रूझवेल्ट साठ टक्क्यांच्या वर मतं घेऊन आला. एवढा प्रचंड सॅम्पल, आणि निकाल उलटा! पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारीच्या याद्यांमधून, मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी आहे ते मतदार सगळ्या मतदारांसारखे कसे असतील? शिवाय पत्राला उत्तर देण्याची तसदी घेणारेही वेगळेच लोक. त्याच निवडणुकीत जनमत चाचणी घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान सॅम्पल घेऊन विजेता बरोबर सांगितला. टक्के त्याचेही चुकले होते बरं, पण दिशा बरोबर होती. सॅम्पल वाढवला की योगायोगाने होणारी चूक कमी होते, निवडीतच वाकडेपणा असेल तर तो मात्र तसाच राहतो, उलट आकडा मोठा म्हणून लोक त्यावर जास्त विश्वास टाकतात.

सरासरी, मध्यक, स्टँडर्ड डेव्हिएशन यांच्यावर आज बोलत नाही, वेळ कमी आहे आणि तो भाग तुम्हाला येतो.

वही उघडीच आहे तर एक करून ठेवा. 1654 साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये जुगारातल्या गणितांवर पत्रव्यवहार चालू होता, त्याच सुमाराचं हे गणित. एक फासा चार वेळा टाकायचा, निदान एकदा सहा यायला हवा. आणि दुसरा खेळ, दोन फासे एकदम, 24 वेळा टाकायचे, निदान एकदा दोन्हीवर सहा यायला हवेत. त्या काळचे खेळाडू म्हणायचे की दोन्ही खेळ सारखेच, कारण चारास सहा तसं 24 ला 36. सरळ मोजायला जाल तर अडकाल, सहा अजिबात न येण्याची शक्यता काढा आणि एकातून वजा करा. एका खेळाचं उत्तर अर्ध्याच्या जरा वर येईल, दुसऱ्याचं जरा खाली. कुठल्याचं कुठलं, ते कॅल्क्युलेटरवर बघून घ्या. नमस्कार.