गोळी सुरू होते, मग?

सकाळची ओपीडी. गोव्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. बाकं भरलीत, दारापर्यंत रांग आहे. या केसपेपरवर काय लिहिलंय बघा: अंग दुखतं, झोप नाही, अशक्तपणा. मन उदास आहे म्हणून इथे क्वचितच कुणी येतं. डिप्रेशन येतं ते असं, दुखऱ्या अंगाचा पदर धरून.

गोव्यातल्याच दोन जिल्हा रुग्णालयांत ४५० प्रौढांवर एक चाचणी झाली. काहींना डिप्रेशनवरचं औषध फ्लुओक्सेटिन दिलं, काहींना समुपदेशन, तर काहींना प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेली गोळी. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. दोन महिन्यांनी औषधवाल्यांना प्लासिबोपेक्षा जास्त आराम होता. पुढे वर्षभरात हा फरक उरला नाही. २०१८मध्ये डिप्रेशनवरच्या औषधांच्या जगभरातल्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. २१ औषधं, सगळीच प्लासिबोपेक्षा सरस. सरासरी फरक मात्र माफक, आणि हिशोब साधारण आठ आठवड्यांचा.

आता ही स्ट्रिप. दोन कॅप्सूल घेतल्यात, बाकीच्या तशाच. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ आणि अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. हे आधी कुणी सांगितलंच नाही, तर माणूस गोळी टाकून देणारच. त्यात त्याची काय चूक?

म्हणून केंद्रातली ही समुपदेशनाची खोली महत्त्वाची. टेबलापलीकडे बसलेली ताई डॉक्टर नाही. ती कोंकणीत विचारते, मावशी, झोप लागली का? जेवण जातं का? गोळी चुकली का? उत्तर येईपर्यंत ती थांबते. गोव्यातल्या 'मानस' प्रकल्पात अशाच स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिलं होतं. समजावणं, पाठपुरावा आणि समुपदेशन त्यांच्याकडे, गरज असेल तिथे औषध डॉक्टरांकडून. २०१०मध्ये आकडे आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. जिथे अशी ताई नव्हती, तिथे ४२ टक्के. एवढा फरक पडत असेल, तर प्रत्येक आरोग्य केंद्रात ही खुर्ची हवी. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांच्या चाचणीत, ते थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. चालू ठेवणाऱ्यांत ३९ टक्क्यांचा. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, हळूहळू.