शाळाही त्याच आठवड्यात

नमस्कार, श्रोतेहो.

युद्धात घर गेलेल्या मुलाला आधी काय द्यायचं? अन्न, औषध, पांघरूण. बरोबरच आहे. पण शाळाही त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी. पुन्हा सांगते, त्याच आठवड्यात. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर नव्हे.

कापड घ्यायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो ना? फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले. त्याआधी, १९४३ ते १९४८, तिथं वळिवड्याची पोलिश छावणी होती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही माणसं. तिथून सुटून, इराणमार्गे सुमारे पाच हजार जण इथं पोचले. बहुतेक बायका आणि मुलं.

वळिवड्याच्या एका आजींनी सांगितलेली गोष्ट मी जाईन तिथं सांगते. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. पहाटे वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जायच्या. एका बराकीच्या दारात एक बाई भांडं पुढं करायची, मराठीत ‘एक, दोन’ म्हणत मापं मोजून घ्यायची आणि लगेच आत वळून लेकीची वेणी घालायला बसायची. लेक आजींच्याच वयाची. एक वेणी झाली की दुसरीला दम नसायचा तिला. वही काखेत मारून निघालीच पळत. आजींनी वडिलांना विचारलं, “आबा, ह्यास्नी घर न्हाई, दार न्हाई, मग साळंला कशापायी जात्यात?” आबा काही बोलले नाहीत. जून उजाडला आणि त्यांनी लेकीचं नाव गावच्या शाळेत घातलं. त्यांच्या घरात शाळेत गेलेली ती पहिली मुलगी. आजी चौथी पास झाल्या आणि म्हातारपणी रोजचा पेपर शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवायच्या.

त्या बराकींत शिकवणारेही निर्वासितच होते, आणि शिकवणं पोलिशमधून. हे लक्षात ठेवा: शिक्षक त्यांच्यातलेच, भाषा त्यांचीच. पाठांतराला हल्ली सगळे नावं ठेवतात, मला ते मुळीच पटत नाही. दप्तर मागं राहतं, पाठ केलेली कविता मुलाबरोबर येते.

मणिपूरमध्ये मे २०२३ पासूनच्या वांशिक हिंसाचारामुळे घर सुटलेली कितीतरी मुलं मदत छावण्यांत वाढताहेत. असं एखादं कुटुंब तुमच्या गावात आलं, तर मुलाला हाताला धरून शाळेत न्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा: नाव आज घाला, कागद मागाहून येतील.