हृदयात 'मास' दिसला म्हणजे नेमकं काय दिसलं?

[कॅमेऱ्यासमोर, हातात इकोचा रिपोर्ट]

नमस्कार मंडळी. मागे एकदा रात्री साडेअकराला एका मुलीचा मेसेज आला. सोबत टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा फोटो, त्यात एका ओळीखाली लाल पेनाची रेघ. डाव्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, टोकाशी मास. आणि प्रश्न, "डॉक्टर, बाबांना हार्टचा कॅन्सर झालाय का हो?"

मी उलट एवढंच विचारलं, "बाबांना हल्ली अटॅक येऊन गेलाय का?"

"हो. दीड महिन्यापूर्वी. मोठा होता."

माझं निम्मं निदान तिथेच झालं. कसं, ते सांगतो.

'मास' हा शब्द घाबरवतो, पण लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं इतकंच, की जिथे नुसतं रक्त असायला हवं तिथे आणखी काहीतरी दिसतंय. ती रक्ताची गुठळी असेल, झडपेवरचा जंतुसंसर्ग असेल, ट्यूमर असेल. किंवा काहीच नसेल! हृदयात जन्मजात कंगोरे, पट्टे, पडदे असतात. डाव्या ॲट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, फुफ्फुसाकडून येणारी शीर आणि कानासारखा एक कप्पा यांच्यामध्ये असाच एक उंचवटा असतो. पूर्वी त्याला गुठळी समजून लोकांना कुमाडिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, सुरू केली जायची. म्हणून त्याचं नावच पडलं कुमाडिन रिज. आमच्या चुकीचं असं कायमचं बारसं झालंय.

मग तुकडा काढून तपासत का नाही? हृदयाच्या डाव्या बाजूला सुई-चिमटा लावला आणि कण सुटला, तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. त्यामुळे बरेचदा चित्रावरच भिस्त.

[स्क्रीनवर: हृदयाच्या चार कप्प्यांची आकृती]

चित्रात मी आधी आकार बघत नाही, जागा बघतो. गुठळी रक्त साचतं तिथेच धरते. अटॅकनंतर टोकाची भिंत हलेनाशी होते, तिथे. ठोके अनियमित असतील किंवा संधिवाताच्या तापाने डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आवळली असेल, तर त्या कानासारख्या कप्प्यात. हा कप्पा छातीवरून नीट दिसत नाही, म्हणून घशातून प्रोब उतरवून इको करावा लागतो. अन्ननलिका डाव्या ॲट्रियमच्या पाठीलाच टेकलेली आहे, त्यामुळे तिथून चित्र लख्ख येतं. उलट, टोकाची भिंत छान आकुंचन पावतेय आणि तरी तिथे गोळा आहे, तर मी गुठळी म्हणायला दहादा विचार करीन.

आता हे बघा.

[स्क्रीनवर: मिक्सोमाचा इको, हलता]

दोन ॲट्रियममधला हा पडदा. त्यावरून देठाने लोंबकळणारा गोळा. झडप उघडली की खाली डोकावतो, मिटली की परत वर. हा मिक्सोमा. कॅन्सर नाही, पण झडपेची वाट अडवतो, तुकडे सोडतो, त्यामुळे ऑपरेशन लांबवत नाहीत. धाप, बारीक ताप, वजन उतरणं. पेशंट भलत्याच आजाराच्या गोळ्या खात फिरतो.

इकोच्या आधी हा बहुधा शवविच्छेदनातच सापडायचा. 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय बघायला सुरुवात केली. 1954 मध्ये स्टॉकहोमला सर्जन क्राफोर्ड यांनी हृदय-फुफ्फुसाचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशिन लावून मिक्सोमा यशस्वीपणे काढला. आणि 1959 मध्ये जर्मनीत एफर्ट यांनी ॲट्रियममधला ट्यूमर इकोवर ओळखला. तेव्हा असं चित्रही नव्हतं हां, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेघा!

इकोवर उलगडलं नाही तर एमआरआय. तिथे खरा प्रश्न असतो, या गोळ्याला रक्तपुरवठा आहे का? शिरेतून गॅडोलिनियम देतात. ट्यूमरला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, तो ते औषध शोषतो आणि उजळतो. गुठळीला वाहिन्या नसतात. भोवतालचं सगळं उजळतं, ती काळी ठिक्कर राहते. जुनी, मुरलेली गुठळी कडेने थोडी उजळून फसवते कधीकधी. आणि झडपेवरचा छोटा, थरथरणारा कण एमआरआयमध्ये पुसट होतो. तिथे इकोच सरस.

सीटी कॅल्शियम आणि चरबी चटकन दाखवतं. दोन ॲट्रियममधल्या पडद्यात चरबी साठली की तो डमरूसारखा दिसतो, दोन्हीकडे जाड, मध्ये बारीक. निरुपद्रवी प्रकार. पण कॅन्सर शोधायला करतात त्या पेट स्कॅनमध्ये तोही चमकू शकतो, म्हणून नुसतं 'चमकतंय' ऐकून हादरू नका.

कॅन्सर होतच नाही असं नाही. हृदयात पोहोचलेला कॅन्सर बहुतेकदा फुफ्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो. हृदयातच सुरू होणारा फार दुर्मिळ. उजव्या ॲट्रियममध्ये रुंद बुडाचा, भिंतीत घुसलेला गोळा आणि हृदयाभोवती पाणी दिसलं, की मात्र आम्ही गंभीर होतो. लहान बाळांचं गणित वेगळं. त्यांच्यातले रॅब्डोमायोमा, म्हणजे हृदयाच्या स्नायूंतले गोळे, बरेचदा वयाबरोबर आपोआप आक्रसतात, पण मेंदू-त्वचेच्या एका आनुवंशिक आजारासाठी तपासणी करावी लागते.

तर ते बाबा. मी मुलीला म्हटलं, रिपोर्टचा फोटो नको, इकोची सीडी आणा. सीडीत टोकाची भिंत ढिम्म होती आणि तिला चिकटून गोळा. एमआरआयमध्ये तो काळाच राहिला. वॉरफरिन, म्हणजे तीच ती कुमाडिन, सुरू केलं, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला दर थोड्या दिवसांनी आयएनआर तपासणी. तीन महिन्यांनी पुन्हा इको केला, तेव्हा बाबा कुशीवर वळून, जेल थंड लागतंय म्हणून कुरकुरत, स्क्रीनकडे बघत होते.

"कुठाय तो?"

शोधूनही सापडेना.