दुसऱ्या पलंगाचे पैसे कुणाचे? परदेशातल्या छोट्या ग्रुप टूरला एकटीनं जाताना

[हातात टूरचं माहितीपत्रक, बोट शेवटच्या ओळीवर]

नमस्कार. ही ओळ दिसतेय का? पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. 'दर माणशी, ट्विन शेअरिंग तत्त्वावर.' म्हणजे वर मोठ्या अक्षरात छापलेली किंमत खोलीत दोघं राहणार असतील तरच खरी. एकट्या माणसासाठी ती नाही. एकट्यानं परदेशी जायचं ठरवलं की बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. म्हणून आज सुरुवात या ओळीपासून.

मी सोलापूरची, वय ५२, बँकेत नोकरी. लग्न केलेलं नाही. भाऊ-वहिनी आहेत, मैत्रिणी आहेत, पण कुणाची रजा जमत नाही, कुणाच्या मुलाची बारावी, कुणाचे गुडघे. पाच-सहा वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' असंच चाललं होतं. शेवटी मार्च २०२५ मध्ये मी एकटी व्हिएतनामला गेले, अकरा जणांच्या ग्रुपबरोबर. त्यातल्या एकालाही आधी ओळखत नव्हते. आईनं फक्त एवढंच विचारलं, "सोबत कोण आहे गं?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

आधी पलंगाचा हिशोब. हॉटेलवाला खोली विकतो, माणसं मोजत नाही. समजा खोलीचं भाडं रात्रीला ५,००० रुपये. दोघं असले की माणशी २,५००. तुम्ही एकटे असलात तरी खोली तेवढीच, म्हणून दुसऱ्या पलंगाचे २,५००ही तुमच्याच डोक्यावर. नऊ रात्रींचे झाले २२,५००. यालाच सिंगल सप्लिमेंट म्हणतात. हा दंड नाही, यात लबाडीही नाही. पण हा आकडा बऱ्याचदा पहिल्या पानावर नसतो. सगळं ठरलं, मनानं तयारी झाली, आणि मग फोनवर कळतं. तेव्हा माणूस हिरमुसतो आणि बेत रद्द करतो. माझंही दोनदा असंच झालं.

यातून वाट आहे, पण ती आपण विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. आंतरराष्ट्रीय छोट्या ग्रुपच्या बऱ्याच कंपन्या एकट्या प्रवाशाला त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या एकट्या प्रवाशाबरोबर खोली देतात. बाईला बाईबरोबर, पुरुषाला पुरुषाबरोबर, आणि जादा पैसे घेत नाहीत. मेलबर्नची इंट्रेपिड, टोरंटोची जी ॲडव्हेंचर्स यांच्याकडे ही सोय आहे. काही कंपन्यांमध्ये तर जोडीदार मिळाला नाही तर अख्खी खोली तुम्हाला, तीही त्याच किमतीत. आपल्याकडच्या कंपन्याही विचारलं तर 'रूम पार्टनर शोधून देतो' म्हणतात. पण नाही मिळाला तर फरक कोण भरणार, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

आणि वेगळी खोलीच हवी म्हणून सप्लिमेंट भरणार असाल तर अजून एक गोष्ट बघा. बोटीवरची रात्र, रात्रीची रेल्वे, गावातला होमस्टे, अशा रात्री त्यात बहुतेक वेळा धरलेल्या नसतात. म्हणजे पैसे भरूनही त्या रात्री खोली वाटून घ्यावीच लागते. टूरच्या सविस्तर माहितीत ते लिहिलेलं असतं. ती पंधरा-वीस पानं कंटाळवाणी असतात, पण वाचाच.

[खुर्ची थोडी पुढे घेऊन]

आता मला बसलेला फटका सांगते. कंपनीचं नाव घेणार नाही. व्हिएतनामच्या आधी मी दुसऱ्या एका टूरचे पैसे भरले होते. पैसे भरले म्हणजे टूर पक्की, असं धरून त्याच आठवड्यात स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढलं, परतावा न मिळणारं. निघायला पाच आठवडे राहिले होते आणि मेल आला: पुरेशी माणसं जमली नाहीत, टूर रद्द. टूरचे पैसे परत आले, विमानाचे गेले. ही तरतूद नियमांमध्ये होती, मी वाचली नव्हती. बहुतेक टूरना किमान माणसांची अट असते. तेवढी जमली की कंपनी 'गॅरंटीड डिपार्चर' असं जाहीर करते. तो शब्द दिसेपर्यंत तिकिटाला हात लावू नका. परदेशी कंपन्यांच्या किमतीत आपल्याकडून जाण्यायेण्याचं विमान बहुतेक वेळा धरलेलं नसतं, म्हणून हा फटका थेट आपल्याच खिशाला बसतो.

छोटा ग्रुप म्हणजे किती? साधारण १० ते १६ माणसं. आपण मराठी माणसं बसभर, चाळीस-पंचेचाळीस जणांच्या सहलींना सरावलेलो आहोत. टूर मॅनेजर मराठी, सकाळी नाश्त्याला पोहे, रात्री वरण-भात. माझी मावशी तशीच युरोप बघून आली आणि आनंदात आली. 'वुमन्स स्पेशल' सहलींनी तर कधी एकट्या पुण्याला न गेलेल्या बायकांना परदेश दाखवला. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तिथे तुमच्याभोवती दहा-बारा कुटुंबं असतात आणि जेवणाच्या टेबलावर तुम्ही कुठल्या तरी कुटुंबाच्या शेजारची खुर्ची असता. बारा माणसांत तसं होत नाही. टेबल एकच लागतं.

अनोळखी माणसांना एकत्र नेणारी एक नावाजलेली कंपनीही एका एकट्या माणसाच्या अडचणीतूनच सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचा जॉन अँडरसन लंडनला आला. त्याला युरोप फिरायचा होता, पण एकट्यानं नाही. मग त्यानं एका मिनीबसची व्यवस्था केली आणि बरोबर येणारी माणसं शोधली. त्यातून कॉन्टिकी ही कंपनी उभी राहिली. आज ती १८ ते ३५ वयाच्या प्रवाशांसाठी ओळखली जाते. म्हणून बुक करण्याआधी वयाची अट बघा. अट नसली तरी 'या तारखेला अंदाजे कुठल्या वयाची माणसं आहेत?' असं विचारता येतं. नावं सांगणार नाहीत, पण किती जण एकटे आहेत आणि वयं साधारण काय, एवढं बऱ्याचदा सांगतात.

तर हनोई. अशा टूरचा पहिला दिवस म्हणजे प्रत्यक्षात एक संध्याकाळ. सहा वाजता हॉटेलच्या लॉबीत बैठक. विमानतळावरून हॉटेलपर्यंत आपलं आपण यायचं, गाडी हवी असेल तर वेगळे पैसे. मी एक दिवस आधीच पोचले होते आणि ते फार बरं झालं. उतरल्या उतरल्या अकरा अनोळखी चेहऱ्यांसमोर बसायची वेळ आली नाही. बैठकीत लीडरनं सगळ्यांच्या विम्याचे कागद बघितले, पॉलिसी नंबर आणि तातडीचा फोन नंबर लिहून घेतला. विमा नसेल तर पुढे नेत नाहीत. मग एकेकानं आपलं नाव सांगितलं. तीन जोडपी, पाच एकटे. त्या पाचांमध्ये तीन बायका.

माझी रूममेट न्यूझीलंडची निवृत्त नर्स, वय ६४. पहिल्या रात्री तिनं खोलीत आल्या आल्या विचारलं, "मी पाचला उठते, तुला चालेल का? रात्री पंखा लागतो का? घोरण्याचा त्रास होतो का?" इतकं सरळ. आपण संकोचानं चार दिवस गप्प बसतो आणि मनात कुढत राहतो. मी पण सांगितलं, मला झोपताना पूर्ण अंधार लागतो. दोन मिनिटांत सगळं ठरलं. रूममेटबरोबर पहिल्याच रात्री दिवा, पंखा, गजर आणि बाथरूमची वेळ बोलून घ्या. पुढचे दिवस सोपे जातात.

तिसऱ्या रात्री हनोईहून ह्यू या शहराकडे जाणारी रेल्वे होती. हनोई ते सायगाव, म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी, हा सलग लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा, १९३६ साली पुरा झालेला, युद्धात तुटलेला आणि १९७६ मध्ये पुन्हा जोडलेला. ह्यूपर्यंतचा टप्पा सुमारे ६८८ किलोमीटर, रात्रभराचा. डब्यात चार बर्थची खोली, दार ओढून घेता येतं. बायकांसाठी एक सांगते: अशा गाडीत बाई-पुरुष एकाच खोलीत येऊ शकतात, कधी ग्रुपबाहेरचा प्रवासीही. मी लीडरला आदल्या दिवशीच सांगितलं की मला शक्यतो बायकांबरोबर जागा दे, आणि त्यानं अदलाबदल करून दिली. गाडीत बसल्यावर सांगितलं असतं तर त्याच्या हातात फारसं काही उरलं नसतं.

त्या रात्री मी डबा उघडला. सोलापूरची शेंगाचटणी आणली होती, घट्ट झाकणाच्या डब्यात. स्टेशनजवळ घेतलेला बान्ह मी, म्हणजे तिकडचा लांबट, कुरकुरीत पाव. तो मधून चिरला, आत चटणी भरली, वर काकडी. खालच्या बर्थवर आम्ही तिघी एकाच वर्तमानपत्रावर हात पुढे करून खात होतो. चटणीचं लाल तेल कागदावर उतरत होतं आणि नर्सबाई बोटानं उरलेले कण टिपत होत्या. मुलं मोठी होऊन निघून गेल्यावर घर कसं शांत झालं, ते त्या तेव्हा बोलल्या. सकाळी त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती.

जेवणाचं बोलते, कारण शाकाहारी लोक याच काळजीनं मागे राहतात. व्हिएतनाममध्ये भाजीतसुद्धा नुओक माम, म्हणजे माशापासून बनवलेला सॉस, पडतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. आपला चहा नाही, चाय म्हणजे शाकाहारी. 'तोई आन चाय', मी शाकाहारी खाते. पाटीवर 'क्वान चाय' दिसलं की ते पूर्ण शाकाहारी हॉटेल. तिथली बरीच बौद्ध कुटुंबं पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी शाकाहार करतात, म्हणून ही हॉटेलं लहान गावांतही सापडतात. बुकिंग करतानाच लिहून द्या, लीडर प्रत्येक ठिकाणी आधी कळवतो.

[दोन नोटा कॅमेऱ्याजवळ धरून]

डाँग म्हणजे व्हिएतनामचं चलन. ही २०,००० डाँगची, ही ५,००,००० ची. दोन्ही निळसर. पहिली आपल्या शंभर रुपयांच्या आतली, दुसरी दीड हजाराच्या वरची. २०,००० च्या मागे होई आनचा जुना जपानी पूल छापलेला आहे. रात्री, घाईत, टॅक्सीच्या अंधारात ह्या दोन्ही सारख्याच दिसतात. मी मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे.

आणि त्याच पुलाच्या गावात मी पूर्ण दुपार एकटी होते. छोट्या ग्रुपमध्ये अशा मोकळ्या वेळा ठेवलेल्या असतात आणि माझ्या मते एकट्या माणसानं टूर निवडताना हेच आधी बघावं. कार्यक्रमपत्रिकेत रोज सकाळी आठ ते रात्री नऊ भरलेलं असेल तर ती टूर माझ्यासाठी नाही. मी हॉटेलचं कार्ड खिशात ठेवलं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'नदीकाठी आहे, साडेसातला येते' एवढं टाकलं आणि निघाले. ती चांद्रमासातली चतुर्दशी होती. होई आनमध्ये दर महिन्याच्या त्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कागदी-रेशमी कंदील लावतात. नदीवर छोटे दिवे सोडतात. १३ मार्च. आपल्याकडे होळी.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे वहिनी पुरणपोळीचं ताट वाढत होती, इकडे पाण्यावर दिवे. आईनं बराच वेळ काही विचारलंच नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाई कुठायत, चटणीवाल्या?" मागून नर्सबाई येतच होत्या. मी फोन त्यांच्याकडे वळवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोघी दोन मिनिटं बोलल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. सारख्या नावाच्या खासगी साइट बऱ्याच आहेत, सरकारी पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तस्संच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्यात असेल तर त्यासकट. युरोपला जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचं, म्हणजे तिकडच्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. परदेशी कंपनी बहुतेक वेळा व्हिसा काढून देत नाही, ते काम आपलं. भारतातल्या कंपनीकडून परदेशाचं पॅकेज घेतलंत तर ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीनं आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारात भरायचा आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पावती जपून ठेवा.

आता मी कंपनीला जो मेल पाठवते, तो तुम्हाला वाचून दाखवते. थांबवून लिहून घ्या.

[फोनवरून वाचत]

"मी एकटी प्रवास करणार आहे. मला रूम शेअर चालेल. जोडीदार मिळाली नाही तर जादा पैसे लागतील का, लागले तर नेमके किती? वेगळी खोली घेतली तर कुठल्या रात्री त्यात येत नाहीत? ही तारीख गॅरंटीड आहे का? नसेल तर किमान किती माणसं लागतात आणि आज किती झाली आहेत? त्यात एकटे किती? मी शाकाहारी आहे, मासे आणि माशांचा सॉसही खात नाही. रात्रीच्या रेल्वेत बायकांसोबत जागा मिळेल का?"

पुढच्या वर्षी जॉर्जियाला जायचं आहे. हाच मेल परवा दोन कंपन्यांना पाठवला. एकीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. दुसरीनं फक्त पैसे भरायची लिंक पाठवली. पहिलीच्या टूरवर आज सहा माणसं आहेत, आठ लागतात. विमानाचं तिकीट मी अजून काढलेलं नाही.