श्यामच्या आईचं चुकलं का?

(दृश्य: सकाळचा पंचगंगा घाट. पाठीला डबा बांधलेली दोन पोरं पायरीवर अडून बसलेली.)

कोल्हापुरात पोहायला शिकवायची रीत जुनी आहे. पाठीला डबा बांधायचा आणि काकानं मागून ढकलायचं. ढकललेल्याला काय वाटलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

घाटापासून जवळच एका पेठेतल्या शाळेत, चौथीच्या वर्गात, आज नेमकं तेच विचारलं जातंय.

(दृश्य: वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली. फरशीवर खडूची लांब रेघ.)

बाईंच्या हातात साने गुरुजींची 'श्यामची आई' आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली, १९३५ साली छापून आलेली. पोहायला जायच्या भीतीनं श्याम घरात लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडं पिटाळते. इथवर वाचून बाई पुस्तक मिटतात.

"आईचं बरोबर, त्यांनी खिडकीकडं. चुकलं म्हणणाऱ्यांनी दाराकडं. रेघेवर कुणी थांबायचं नाही."

दोन मिनिटं नुसता गोंधळ. मैत्रीण जिकडं तिकडं आपण, असंही होतंच. मोठ्यांच्या सभेतही होतं. मग बाई कागद वाटतात. कागदावर तीन रकाने: 'मला वाटतं', 'कारण' आणि 'पुस्तकात कुठं'.

पहिला रकाना पटकन भरतो. पोरं अडतात तिसऱ्यावर. एकानं लिहिलंय, 'कारण आई चांगलीच असते.' बाई कागदावर बोट ठेवतात, "पुस्तकात कुठं?" तो पानावरून बोट फिरवायला लागतो. ओळ सापडत नाही. शेजारच्याचं पुस्तक ओढतो, कारण पोरं चौतीस आणि पुस्तकं सहा. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिरासारखं ग्रंथालय असलेल्या गावात एका वर्गाला पुस्तकं पुरू नयेत, याचं नवल वाटतं. पण ते असो. त्याला ओळ सापडते. पोहून आल्यावर आई श्यामला जवळ घेऊन समजावते, ती. "बाई, हे बघा! राग नव्हता तिला!"

ती ओळ मोठ्यानं वाचल्यावर दाराकडची तीन पोरं रेघ ओलांडून खिडकीकडं येतात. मत बदललं की रेघ ओलांडायची, पण कशामुळं बदललं तेही लिहायचं.

दाराकडून मात्र एक मुलगी हलत नाही. "जवळ घेतलं ते नंतर. मारलं ते आधी."

खिडकीतला एक पठ्ठ्या उत्तर काढतो थेट शाहू महाराजांचं. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्याला दंड ठेवला. "मग सक्ती वाईट कशी?"

मुलगी जरा विचार करते. "दंड आईबापाला होता. पोरांना कुठं मारलं?"

वर्ग गप्प. कॅमेऱ्यामागचे आम्हीही गप्प.

(दृश्य: वह्यांचा गठ्ठा.)

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या, २०१० च्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासाच्या आराखड्यात पाचवीपर्यंतच्या मुलांनी 'मत' लिहायचं असतं. सहावीपासून त्यालाच 'युक्तिवाद' म्हणतात. आपल्याकडं दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' विचारतात. आणि बाजारात गाईडमध्ये ते स्वमत तयार छापून मिळतं! दुसऱ्याचं स्वमत पाठ करून लिहायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाईंचं म्हणणं साधं आहे. 'माझा आवडता पक्षी' म्हटलं की चौतीस वह्यांत एकच मोर नाचतो. मोराशी भांडता येत नाही. पुस्तकातल्या माणसाशी येतं.

(दृश्य: दोन दिवसांनी. रेघ नव्यानं आखलेली.)

आज त्याच पुस्तकातली 'अळणी भाजी'ची गोष्ट. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवून उठतात, ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं.

वडिलांचं बरोबर? खिडकीकडं झुंबड उडते. किती समजूतदार वडील, म्हणून. दाराकडं परत तीच मुलगी, एकटी.

(दृश्य: तिचा कागद, जवळून.)

'मला वाटतं वडिलांनी सांगायला पाहिजे होतं. कारण शेवटी आईला जास्त वाईट वाटलं. मीठ वरून पण घेता येतं.' तिसऱ्या रकान्यात तिनं ओळ उतरवून घेतलीय, पान क्रमांकासकट.

बाई विचारतात, "तुमच्या घरी काय होतं गं?"

"पप्पा पण काहीच बोलत नाहीत, बाई. नुसतं ताट सरकवतात."

बाई हसू दाबतात, तिच्या कागदावर लाल पेननं एक चौथा रकाना आखतात आणि म्हणतात, "हेही लिही."