सफारीची तिसरी रांग

श्रोतेहो, मोटारीच्या दोन पिढ्यांची तुलना करताना आपण बहुधा पुढच्या बाजूने सुरुवात करतो आणि इंजिन, दिवे, डॅशबोर्ड यांबद्दल बोलतो. आज मला टाटा सफारीकडे मागच्या दारातून पाहायचे आहे. या गाडीने सहाव्या आणि सातव्या माणसाला कुठे व कसे बसवले, हे नीट पाहिले तर तिच्या सांगाड्याचा सारा इतिहास त्यात उलगडतो, असे माझे मत आहे.

पहिली सफारी 1998 साली पुण्यातून बाहेर पडली. तेव्हा कंपनीचे नाव टेल्को होते आणि सिएरा, सुमो या गाड्या ज्या पिकअपच्या चासीवरून विकसित झाल्या, त्याच घराण्यातली ही गाडी होती. म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर बसवलेली बॉडी, आणि मागच्या चाकांना जोडणारा अखंड एक्सल. हा एक्सल खड्ड्यागणिक वरखाली होतो, त्यामुळे त्याच्यावरची फरशी त्याला धडकू नये इतकी उंच ठेवावी लागते. अशा उंच फरशीवर पुढे तोंड करून आसन बसवले, तर पाय सोडायला खोली उरत नाही आणि गुडघे छातीशी येतात. शिवाय दोन्ही बाजूंनी चाकांवरचे उंचवटे आत घुसलेले असतात. म्हणून सुमोप्रमाणेच सफारीतही मागे समोरासमोर, आडवी आसने आली, जी सामान असले की उचलून बाजूला लावता येत. छत मागच्या भागात पायरीसारखे उंच केले होते. त्या पायरीने सफारीला तिचा ओळखीचा आकार दिला, आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यालाही जागा दिली.

त्या आसनांची किंमत मात्र बसणाऱ्याला मोजावी लागे. घाटात वळणामागून वळण येत असताना आडवे बसलेल्या माणसाला रस्ता समोर दिसत नाही, म्हणून मळमळ लवकर सुरू होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की समोरून धडक बसली तर त्याचे शरीर कुशीवर फेकले जाते, आणि सीटबेल्टची रचना मुळात पुढे तोंड करून बसलेल्या माणसासाठी असते. आणि कुटुंबाच्या प्रवासात ही जागा कोणाच्या वाट्याला येई? बहुतेक वेळा मुलांच्या. मला ही गोष्ट फार खटकते.

पुढची वर्षे इंजिनाची होती. सुरुवातीचे दोन लिटरचे टर्बो डिझेल एवढ्या वजनाला अपुरे पडत असे. 2005 मध्ये तीन लिटरचे डायकॉर डिझेल इंजिन आले आणि 2007 मध्ये 2.2 लिटरचे, 140 अश्वशक्तीचे. 2012 च्या सफारी स्टॉर्ममध्ये चासी नवी होती आणि मागच्या दारावरची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली. तिसरी रांग होती तशीच आडवी राहिली.

ती वळली 2021 साली. त्याआधी दोन वर्षे, 2019 मध्ये, जुनी सफारी थांबली होती. नवी सफारी टाटांच्याच हॅरियर या गाडीच्या सांगाड्यावर उभी राहिली, आणि हा सांगाडा लँड रोव्हरच्या डी 8 रचनेवरून विकसित केलेला होता. 2008 मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्याचे फळ सामान्य कुटुंबाच्या गाडीत असे उतरले. आता वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. इंजिन आडवे बसवलेले आणि ओढ फक्त पुढच्या चाकांना, त्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट नाही आणि ती मागच्या चाकांत वाटणारा डिफरन्शियलही नाही. पायांना जागा मोकळी झाली ती इथे. हॅरियर आणि सफारी यांच्या चाकांमधले अंतर एकच, 2741 मिलिमीटर. सफारीची लांबी फक्त 63 मिलिमीटरने अधिक आहे, पण मागचे छत उंच केल्यामुळे तिसऱ्या रांगेतली दोघे पुढे तोंड करून, स्वतःचा बेल्ट लावून बसू शकतात. सातही जागा भरल्या की सामानाला जेमतेम 73 लिटर उरतात, म्हणजे दोन पिशव्या. पण डिसेंबर 2023 मध्ये भारत एनकॅप या मोटारींच्या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत या गाडीला प्रौढांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आणि मुलांना जिथे बसवायचे तिथे मला हा सौदा मान्य आहे.

जुन्या सफारीच्या चाहत्यांना तो मान्य नाही, आणि त्यांचे दुःख खरे आहे. जुन्या गाडीत मिळणारी फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ, गेली. 2017 मध्ये लष्कराने तीन हजारांहून अधिक स्टॉर्म मागवल्या, त्या याच चासीच्या कणखरपणासाठी. चिखलात, नदीपात्रात जिचा भरवसा वाटे, ती ओळख सपाट फरशीसाठी सोडावी लागली. शाफ्ट ठेवला असता तर फरशी उंच राहिली असती. दोन्ही एकत्र देणे त्या रचनेत सोपे नव्हते.

विजेवरच्या गाडीत ही अडचण वेगळ्या रीतीने सुटते, कारण मागच्या एक्सलपाशी स्वतंत्र मोटर बसवली की शाफ्ट लागतच नाही. 2025 च्या हॅरियर ईव्हीमध्ये चारही चाकांची ओढ अशीच परत आली आहे. त्या गाडीत आसने मात्र पाच आहेत.